देठ हिरवा आहे का?

बारेंड्रेख्त. मार्च २०२५ मधला एक शुक्रवार, सकाळचे साडेसहा. गोदामाच्या दारातून आत पाऊल टाकताच अण्णा मफलर कानांवर ओढून घेतात. थंडी बाहेरही आहेच, पण आतली थंडी राखलेली आहे, अंश-अंश मोजून. रॉटरडॅमच्या दक्षिणेला चिकटलेलं हे गाव म्हणजे फळांच्या आयातदारांची वसाहत. एकाला लागून एक गोदाम, प्रत्येकाच्या पाठीमागे कंटेनर टेकवायचे धक्के, आणि आत पॅलेट उचलून सुसाट पळणाऱ्या फोर्कलिफ्ट. आमच्या अंगावर पिवळी जाकिटं चढवली जातात आणि जमिनीवरच्या पट्ट्यांच्या आतच चालायचं, अशी ताकीद मिळते.

अण्णा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. आमच्या शेतकरी गटात युरोपला माल पाठवायला सुरुवात केली ती त्यांच्या पिढीने. तेव्हापासून त्यांची द्राक्षं दर हंगामात समुद्र ओलांडतात, अण्णा मात्र पहिल्यांदाच आले आहेत. या वर्षी गटाच्या बैठकीत ठरलं की ज्या बाजारात आपला माल जातो, तो आपल्यातल्या कुणीतरी डोळ्यांनी बघायचा. गटाच्या विक्रीचं काम मी बघते, म्हणून मी, आणि बागेतला माणूस हवा म्हणून अण्णा. तिसरी आहे वाखेनिंगेनच्या कृषी विद्यापीठात शिकणारी नगरची मुलगी. डच बोलते, आणि अण्णांना चहा कुठे मिळेल हेही तिलाच ठाऊक असतं.

तपासणीच्या टेबलापाशी पांढरा कोट घातलेला एक उंच माणूस नुकताच आलेला कंटेनर तपासतो आहे. कंटेनर न्हावाशेव्याहून निघालेला. कुणाच्या बागेतला, ते खोक्यावरच्या आकड्यांवरून कळतं. आमच्या गटाचा नाही, पण आमच्याच जिल्ह्याचा आहे. पॅलेटच्या मधल्या थरातला एक खोका तो ओढून काढतो. पाच किलोचा खोका, आत अर्ध्या अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे झाकणाचे डबे. वरचा ग्रेप गार्डचा, म्हणजे गंधकाचा वायू सोडणारा कागद बाजूला सारतो, तसा गंधकाचा उग्र वास येतो.

अण्णा माझ्या कानाशी येतात. "आता ब्रिक्स मीटर काढंल बघा."

तो साखर मोजायचं ते ब्रिक्स मीटर काढत नाही. एका पनेटमधला घड दोन बोटांनी देठाला धरून उचलतो, डोळ्यांसमोर दिव्याच्या उजेडात धरतो आणि हळूच एक झटका देतो. दोन मणी टेबलावर पडतात. तो देठाकडे बघत राहतो. मुख्य दांडा फिकट हिरवा आहे, पण बाजूच्या बारीक फांद्या, ज्यांच्या टोकाला मणी लागतात, त्या तपकिरी पडल्या आहेत. त्याच्या कागदावर देठाचा वेगळा रकाना आहे: हिरवा, अर्धा तपकिरी, पूर्ण तपकिरी. तो मधल्या चौकटीत फुली मारतो. मग वजन, मग भोकांच्या प्लास्टिकच्या पट्टीतून मण्यांचा आकार, मग तडकलेले आणि गंधकाने पांढरे पडलेले मणी वेगळे काढून मोजणं. रस काचेवर पिळून साखर बघतो ती अगदी शेवटी. आकडा चांगला येतो. अण्णांचा चेहरा फुलतो, तो माणूस मात्र काही न बोलता आकडा लिहून पुढचा पनेट उचलतो.

"साखर इतकी चांगली, तरी तो खूश का नाही?" अण्णा विचारतात. मुलगी डचमधून विचारते. उत्तर येतं की साखर चांगली असणारच, ती तशी नसती तर कंटेनर निघालाच नसता. साखर दुकानात दिसत नाही. देठ दिसतो.

मी वहीत हे जसंच्या तसं उतरवून घेते. आमच्याकडे बागेत सौदा होतो तो गोडी, रंग आणि मण्याची फुगवण यांवर. माल उतरवताना देठाबद्दल घसा सुकेपर्यंत चर्चा झालेली मी कधी ऐकलेली नाही. कारण बागेत, तोडणीच्या दिवशी, देठ हिरवाच असतो. तो तपकिरी पडतो वाटेत, आणि वाट आता लांबली आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझमधून येणारी बहुतेक जहाजं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालू लागली. पूर्वी तीन-साडेतीन आठवड्यांत येणारा माल आता पाच-पाच आठवडे पाण्यावर असतो. घडातलं पाणी सगळ्यात आधी उडतं ते देठातून. घडाचं वजन दोन टक्क्यांच्या वर घटलं की मणी टवटवीत असूनही देठ सुकलेला दिसतो.

तपासणीस आता एक पनेट प्रयोगशाळेच्या पिशवीत घालतो. कीडनाशकांच्या अंशांची तपासणी. अण्णा एकदम सावध होतात. २०१० चा हंगाम त्यांच्या डोळ्यांपुढे आहे. त्या वर्षी आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला, कंटेनरच्या कंटेनर अडकले, आणि कित्येक बागायतदारांची वर्षाची कमाई बुडून वर कर्ज झालं. जे औषध वाढ रोखायला वर्षानुवर्षं फवारलं जात होतं, त्याचा इथल्या कायद्यातला आकडा गावात कुणाला माहीतच नव्हता. परदेशातल्या बाजाराचा अभ्यास न केल्याची किंमत काय असते, हे अण्णांना कुणी शिकवायला नको. तपासणीस सांगतो की आता कायदा ही फक्त सुरुवात आहे. काही सुपरमार्केट कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालवून घेतात, शिवाय एका नमुन्यात एकूण किती औषधांचे अंश सापडावेत याचीही मर्यादा घालतात. यादी दुकानागणिक वेगळी. मी त्याला विचारते की या याद्या आम्हाला थेट मिळतील का. तो म्हणतो, मागितल्या तर मिळतील, अजून फारसं कुणी मागितलेल्या नाहीत.

धक्क्यावर एक ट्रक लागतो आहे. नंबरपाटी जर्मनीची. तपासून झालेले आपलेच पॅलेट त्यात चढतात. निघण्याआधी मी महिनाभर आकडे चाळत होते. युरोपच्या सांख्यिकी कार्यालयाचे, आणि विकसनशील देशांच्या निर्यातदारांना मदत करणाऱ्या सीबीआय या डच सरकारी संस्थेचे मोफत अहवाल. सगळीकडे एकच गोष्ट ठळक होती की भारतीय द्राक्षांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक नेदरलँड्स. आता माझ्या डोळ्यांसमोर तोच गिऱ्हाईक माल उतरवून घेऊन शेजाऱ्याच्या गाडीत भरतो आहे. इथल्या बंदरात उतरलं की कागदावर ते फळ डच आयात होतं, खाणारा मात्र कोलोनमध्ये असू शकतो, नाहीतर पोलंडमध्ये. गटाच्या कार्यालयात आम्ही "डच माणसाला काय आवडतं" हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला होता. तो मी इथेच वहीत खोडते आणि त्याजागी दोन प्रश्न लिहिते. आयातदार काय बघून घेतो? आणि त्याच्याकडून घेणारे कोण कोण, काय बघून घेतात?

अकरा वाजता आम्ही हेग शहरातल्या एका मोठ्या साखळीच्या दुकानात आहोत. मुलीने व्यवस्थापकाला आधीच विचारून ठेवलं आहे. उभं राहायला परवानगी, गिऱ्हाइकांशी बोलायलाही, पण फोटो काढायचे नाहीत आणि कुणाचं नाव-पत्ता विचारायचं नाही. माहितीच्या संरक्षणाचे युरोपचे नियम २०१८ पासून कडक आहेत आणि इथे लोक ते मनापासून पाळतात. मला त्याचा काही तोटा वाटत नाही. नाव विचारलं नाही की माणूस मोकळं बोलतो.

फडताळावर द्राक्षांना जेमतेम दोन हात जागा. हिरवी, लाल, काळी. हिरव्यात दोन खण: एकात आपली थॉमसन, पनेटवर देशाचं नाव छापलेलं, शेजारी दक्षिण आफ्रिकेची ऑटम क्रिस्प. थॉमसनची किंमत अर्ध्या किलोला २.४९ युरो, खाली बारीक अक्षरात किलोचा भाव, कारण तो लिहिणं सक्तीचं आहे. या किमतीत ९ टक्के विक्रीकर आला, दुकानाचा खर्च आला, वाया जाणाऱ्या मालाचा खर्च आला. ऑटम क्रिस्प त्याहून महाग, आणि तिचा खण अर्धा रिकामा.

अण्णा दोन्ही पनेट हातात घेऊन बघतात. ऑटम क्रिस्पचे मणी आपल्या मण्यांपेक्षा थोराड, देठ जाड आणि हिरवागार. "ह्याचा देठच दोरीसारखा हाये," ते म्हणतात. मग बराच वेळ गप्प. ही जात मालकीची आहे. लावायची तर पैदासकार कंपनीचा परवाना लागतो, झाडामागे पैसे मोजावे लागतात. नाशिकमध्ये अशा परवान्याच्या जाती येऊ लागल्या आहेत, सह्याद्री फार्म्सने आरा जातींची सुरुवात करून दिली. पण दोन एकरवाल्याला बाग तोडून नवी कलमं बांधायची म्हणजे दोन-तीन वर्षं उत्पन्नाविना काढायची. अण्णांच्या गप्प बसण्यात तो हिशोब आहे.

आम्ही फडताळापासून थोडं लांब, बटाट्यांपाशी उभे राहतो आणि बघतो. बाजाराच्या अभ्यासात विचारण्याआधी बघावं, या मताची मी आहे. प्रश्न विचारला की माणूस सभ्यपणे उत्तर देतो, हात मात्र सभ्यतेसाठी थांबत नाहीत.

एक म्हातारे गृहस्थ येतात, सर्वांत वरचा पनेट उचलून टोपलीत टाकतात, निघून जातात. एक तरुण मुलगा फक्त पिवळं स्वस्ताईचं लेबल शोधतो, ते लाल द्राक्षांवर असतं, ती घेतो. मग येते लहान मुलाला ढकलगाडीत घेतलेली एक बाई. ती आपल्या थॉमसनचा पनेट उचलते आणि सरळ उलटा करते. तळ बघते. कुठे रस सुटलाय का, मणी चेपलेत का. मग सुलटा करून झाकणातून आत डोकावते, अंगठ्याने झाकण दाबून देठ कुठे दिसतो ते शोधते. ठेवून देते. दुसरा उचलते, तोही उलटा. ठेवते. मग ऑटम क्रिस्पचा पनेट घेते, तो उलटा न करताच टोपलीत ठेवते.

"ह्याला कसं न बघता घेतलं?" अण्णा कुजबुजतात.

मुलगी पुढे होऊन स्वतःची ओळख करून देते. मी तिला सांगून ठेवलं आहे की "तुम्हाला भारतीय द्राक्षं आवडतात का?" असं चुकूनही विचारायचं नाही. मागच्या खेपेला कधी घेतली, घरी नेल्यावर त्यांचं काय केलं, एवढंच विचारायचं. बाई थांबते आणि इथल्या माणसांच्या रीतीने आडपडदा न ठेवता बोलते. द्राक्षं ती मुलासाठी घेते. पाळणाघरात डब्यात द्यायची तर प्रत्येक मणी उभा चिरून चार फोडी करून द्यावा लागतो, अख्खा मणी लहान मुलाच्या घशात अडकू शकतो म्हणून. मणी मोठा असला तर काम लवकर उरकतं. मागच्या महिन्यात घेतलेल्या द्राक्षांचा देठ वाळलेला होता, दोन दिवसांत तळाशी मणी गळून पडले, ते तिने टाकून दिले. कुठल्या देशाची होती? तिला आठवत नाही. तिने तेव्हा बघितलंच नव्हतं.

अण्णा मला सांगतात, "तिला म्हणावं, चव घेऊन बघा."

मुलगी विचारते. बाई हसून मान हलवते. गोड असतीलच, ती म्हणते. गोड सगळीच असतात.

ती गेल्यावर आम्ही बराच वेळ तिथेच उभे. मला तिचं वाक्य लागलं आहे. गोडी आणि रंग यांसाठी आमच्या बागांमध्ये काय काय केलं जातं ते मी बघत आले आहे. विरळणी, शेंडे मारणं, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळणं. एकरात हजारो घड, प्रत्येकाला हात लागतो आणि तो बहुतेक वेळा बायकांचा असतो. एवढ्या कष्टांनी आणलेली गोडी या फडताळावर गृहीत धरलेली आहे. तिच्यासाठी वेगळे पैसे कुणी मोजत नाही. पैसे जातात ते मोठ्या मण्याला आणि हिरव्या देठाला. हे मला नाशिकमध्ये कुणी सांगितलं असतं तर मी आकडे मागितले असते. इथे बाईचा अंगठा झाकणावरून फिरताना बघितला, आणि आता शंका उरलेली नाही.

तासाभरात आणखी काहीजण बोलतात, काही नको म्हणतात. पनेट उलटा करणारे बरेच निघतात. देशाचं नाव वाचणारा एकच माणूस भेटतो, आणि तो जहाजाच्या धुराची काळजी करणारा असतो.

दुपारी ट्राम पकडून हाख्से मार्क्ट. युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांपैकी हा एक, स्टॉल पाचशेच्या घरात. पाऊस भुरभुरतो आहे आणि ताडपत्र्यांखाली माणसांची दाटी आहे. मोरोक्कन, तुर्की, सुरिनामी, डच. भेंडी, कारली, वालाच्या शेंगा बघून अण्णांचा चेहरा खुलतो. भाज्यांच्या रांगेत एक आजी कढीपत्त्याची जुडी निवडताना दिसतात. सुरिनामच्या हिंदुस्तानी. त्यांचे पूर्वज म्हणजे १८७३ मध्ये 'लल्ला रुख' जहाजातून कलकत्त्याहून सुरिनामला गेलेले करारबद्ध मजूर, नाहीतर त्यांच्या मागून गेलेले. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास हजारो लोक तिथून हॉलंडला आले आणि त्यातले पुष्कळजण या शहरात राहिले. अण्णा हिंदीत बोलतात, आजी त्यांच्या सरनामीत, दोघांचं जमतं. द्राक्षं घेता का, असं अण्णा विचारतात. आजी त्यांना हाताला धरूनच एका स्टॉलकडे नेतात.

इथे द्राक्षं पनेटमध्ये नाहीत, प्लास्टिकच्या वाडग्यांत आहेत. एक वाडगा एक युरो. विक्रेता घसा ताणून ओरडतो आहे. वाडग्यातले घड मोकळे, देठ पूर्ण तपकिरी, मणी पिवळसर सोनेरी झाकेचे. अण्णा एक मणी तोंडात टाकतात, विक्रेत्याची हरकत नसते, आणि त्यांचे डोळे मोठे होतात. "ताई, खाऊन बघा. ही सकाळच्यापेक्षा गोड हायेत."

मी खाऊन बघते. खरंच गोड. आजी सांगतात की त्या नेहमी इथूनच घेतात, पिवळी बघूनच घेतात, पिवळी गोड असतात हे त्यांना माहीत आहे. देठाचं काय करायचं, देठ कोण खातं?

स्टॉलच्या मागे रिकाम्या खोक्यांचा ढीग आहे. मी विक्रेत्याला विचारून एक खोका उलटवून बघते. भारत. तालुकाही ओळखीचा. आयातदारांकडे तपासणीत मागे पडलेला, सुपरमार्केटने परत केलेला माल असाच स्वस्तात इथे येतो, विक्रेता मोकळेपणाने सांगतो. त्याला किती पडतो, ते मात्र सांगत नाही. पण एक युरोच्या वाडग्यात जवळजवळ किलोभर द्राक्षं आहेत. सकाळच्या दुकानातला भाव किलोला पाच युरोच्या जवळ होता. तेच फळ, तीच गोडी किंवा जास्तच, आणि पाचपट फरक. मधे फक्त देठ आणि रंग.

अण्णा खोक्यावरचा पॅकहाऊसचा आकडा वाचतात, चष्मा लावून पुन्हा वाचतात. बागायतदाराला याचे पैसे किती मिळाले असतील, याचा अंदाज त्यांना आहे. परत गेलेल्या मालाची पट्टी महिन्याने येते, वजावट लावलेली, आणि कारणाच्या जागी एक इंग्रजी शब्द. त्या शब्दाचा अर्थ हा वाडगा आहे, हे बागायतदाराला कुणी दाखवलेलं नसतं. मला राग येतो. विक्रेत्याचा नाही, तो पावसात उभा राहून सगळा माल विकतो आहे. राग येतो तो इतकी वर्षं एकाही बागायतदाराला या ढिगापर्यंत आणलं गेलं नाही याचा.

"तोडणीनंतर माल थंड व्हायला किती वेळ लागतो आपल्याकडं?" मी विचारते. उत्तर मला ठाऊक आहे, पण मला ते अण्णांच्या तोंडून हवं आहे.

"सकाळी तोडायला घेतो. गाडी भरली की पॅकहाऊसला. गाडी भरायला दुपार होते कधीकधी." ते थांबतात. "मग तिथं लाइन. पॅकिंग. मग प्रीकूलिंग. संध्याकाळ धरा."

"तेवढा वेळ क्रेट कुठं?"

"बांधावर." मग हळू आवाजात, "झाडाखाली असतात म्हणा. सगळेच नाय मावत."

बोटीचा रस्ता आमच्या हातात नाही. आफ्रिकेचा वळसा आम्ही कमी करू शकत नाही, नवी जात एका वर्षात उभी करू शकत नाही, आणि दक्षिण आफ्रिका, चिली, पेरू यांना व्यापारी करारांमुळे आयातशुल्कात मिळणारी सवलत दिल्लीने मिळवायची आहे. बांधावरचे हे काही तास मात्र आमचे आहेत. तोडल्यावर उन्हात गेलेला प्रत्येक तास पाच आठवड्यांनी इथे देठावर उमटतो.

पावणेपाच. स्टॉल आवरायला लागले आहेत, ताडपत्र्यांवरचं पाणी खाली ओतलं जातं आहे. नाशिकला सव्वानऊ झाले असतील. अण्णा एका दुकानाच्या छपराखाली उभं राहून मुलाला फोन लावतात. आवाज बाजारापेक्षा मोठा. उद्या कोणता प्लॉट आहे? किती माणसं? मग एकामागून एक सूचना. दहाच्या आत तोडणी बंद. गाडी भरायची वाट बघायची नाही, तासातासाला जेवढे क्रेट होतील तेवढे पाठवायचे. बांधावर हिरवी नेट टाकून घ्यायची, रात्रीच.

पलीकडून मुलगा डिझेलचं काहीतरी म्हणतो. अर्ध्या गाड्या पळवायच्या म्हणजे खर्च वाढणार, हे खरंच आहे.

"एक मिनिट, ताईंशी बोल," म्हणून अण्णा फोन माझ्या हातात देतात. मी त्याला सांगते की प्रत्येक क्रेटला चिठ्ठी लाव, तोडल्याची वेळ लिही, पॅकहाऊसला प्रीकूलिंगमध्ये गेल्याची वेळ त्यांच्याकडून लिहून घे. निम्मा माल नेहमीसारखा जाऊ दे, निम्मा या पद्धतीने. दोन्हींचे खोके वेगळे ओळखू येतील अशी खूण कर. इथे उतरेल तेव्हा त्याच टेबलावर दोन्हींचे देठ शेजारी शेजारी ठेवून बघायला लावू, आणि भावात फरक पडला तर तो डिझेलच्या खर्चाशेजारी मांडू. मग ठरव.

तो जरा वेळ गप्प राहतो. "चिठ्ठीवर वेळ कोण लिहिणार ताई? तोडणाऱ्या बायकांना घड्याळ बघायला कुठं सवड असते."

"त्यांची मुकादमीण लिहील. तिला त्याचे वेगळे पैसे धर."

"किती धरू?"

मी अण्णांकडे बघते. अण्णा फोन परत घेतात आणि आकडा सांगतात. पलीकडून "बरं" येतं, आणि लगेच, उद्याच्या प्लॉटला नेट किती मीटर लागेल याची चौकशी सुरू होते.